कर भरला, पण कोणाच्या जमिनीचा?

लुईझ अर्ड्रिक यांच्या ‘ट्रॅक्स’ (१९८८) या कादंबरीत चिपेवा कुटुंबांची नाती तुटतात ती कराच्या पैशावरून. १८८७च्या डॉज कायद्याने अमेरिकेतील मूलनिवासींच्या सामाईक जमिनीचे व्यक्तिगत तुकडे पाडले. पुढे त्यांवर कर आला. कादंबरीत पिलजर आणि कॅशपॉ ही घरे झाडांची साल विकून तो जमवतात. रक्कम घेऊन गेलेले मार्गारेट व नेक्टर मात्र ती सारी कॅशपॉंच्याच जमिनीपोटी भरतात. मार्गारेटला खलनायिका ठरवणे सोपे आहे. पण विलंबाच्या दंडामुळे पैसे दोन्ही जमिनींना पुरतच नव्हते. कायद्याने घरातच निवड करायला लावली. १९३४पर्यंत मूलनिवासींची १३.८ कोटी एकर जमीन ४.८ कोटींवर आली. फ्लर पिलजरचे रान लाकूड कंपनीकडे जाते. कंपनीची माणसे येतात, तेव्हा तिने बुंध्याशी आधीच करवतून ठेवलेली झाडे त्यांच्याभोवती कोसळतात.