मैला ओढणाऱ्या पंपाची कुळकथा

सेप्टिक टँक उपसायला गाडी येते, तिच्यावरचा पंप मैल्याला कधी शिवतही नाही. पाइप खड्ड्यात सोडला जातो, इंजिनाची घरघर वाढते, पाइप एकदा आखडतो आणि मग गपकन जड होतो. बघणाऱ्याला वाटते की पंप मैला ओढतो आहे. खरे तर तो गाडीच्या बंद टाकीतली हवा काढून घेत असतो. आतली हवा विरळ झाली की बाहेरची हवा खड्ड्यातल्या मैल्यावर दाब देते आणि मैला पाइपातून आपसूक वर चढतो. टाकी भरत आली की आतला तरंगता चेंडू उचलला जातो आणि पंपाकडची वाट बंद करतो. खाली करताना झडपेचा दांडा उलटा फिरवायचा, की तोच पंप टाकीत हवा भरतो आणि मैला बाहेर ढकलतो. पात्यांवर चिंधी गुंडाळली जात नाही, पंप उघडून हाताने साफ करावा लागत नाही. इतकी साधी, इतकी स्वच्छ युक्ती.

या युक्तीचे मूळ विहिरीत आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या पाणी उपसणाऱ्यांना माहीत होते की ओढपंपाने पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढत नाही. कारण १६४३ च्या सुमारास टोरिचेल्लीने दाखवले: पाणी ओढले जात नाही, हवेच्या वजनाने ढकलले जाते, आणि त्या वजनाची ताकद तेवढीच. काही वर्षांतच माग्देबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने हवा काढणारा पंप बनवला. समुद्रसपाटीला पाणी चढण्याची ही मर्यादा १०.३ मीटर. आमचे भोपाळ सुमारे ५०० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे ती पावणेदहाच्या आसपास येते. प्रत्यक्षात पाइपाचे सांधे थोडे गळतात आणि गाळ पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे सहा-सात मीटर चढला तरी पुष्कळ.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या शहरांत हातपंपाने किंवा वाफेने हवा काढलेल्या बंद पिपांच्या गाड्या शौचकूप उपसू लागल्या. डच इंजिनिअर चार्ल्स लीर्नूर याच्या मनात त्याहून मोठे होते. घरोघरचे संडास नळांनी जोडायचे आणि एका ठिकाणच्या वाफेच्या इंजिनाने सगळ्यांचा मैला ओढायचा. १८७० च्या दशकात अॅम्स्टरडॅमच्या काही भागांत हे चालू झाले.

म्हणजे यंत्र होते. आपल्याकडे मात्र त्याच काळात, १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात, 'हलालखोर कर' नावाचा कर होता. मैला उचलणाऱ्या माणसाच्या नावाचा कर. शहर मैल्यासाठी पैसे मोजायला तयार होते, पण ते पंपावर नव्हे, तर जातीने बांधलेल्या हातांवर. हा उशीर मला तांत्रिक वाटत नाही. माणूस इतका स्वस्त ठरवलेला होता की यंत्राचा हिशोबच कुणी मांडला नाही.

तो हिशोब मांडायला लागणारी लाज आपल्यात होती ती अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या माणसांत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून उपवास धरला आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी असा संडास घडवला की ताज्या मैल्याला कुणाला हात लावावा लागू नये. मैला मातीखाली कुजावा आणि सोनखत होऊनच बाहेर यावा. पंप नसलेल्या कोकणात पंपाचे काम त्यांनी वेळेकडून आणि मातीकडून करून घेतले. माझ्या लेखी या कुळातला हा सर्वांत मोठा पूर्वज.

सरकारी वाट मंद होती. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती. डोक्यावरची मैल्याची पाटी जावी असे दोन्ही समित्यांनी कळकळीने सांगितले. तिच्या जागी आली ढकलगाडी. गळणारी पाटी डोक्यावरून उतरली याला मोल आहेच, पण लीर्नूरनंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी आपण चाकापर्यंत पोहोचलो होतो.

या कथेत भोपाळचे ठळक पान २०१२ चे आहे. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला इथून मैला मुक्ती यात्रा निघाली. हाताने मैला उचलण्याचे काम सोडलेल्या बायका त्यात होत्या. अनेक राज्ये पालथी घालून यात्रा २०१३ च्या जानेवारीअखेर दिल्लीत पोहोचली. त्याच वर्षी नवा कायदा झाला. त्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आत उतरून झालेल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. माणूस आत मरतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडमुळे. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे हवा सुधारली असे उतरणाऱ्याला वाटते.

चाकांवरच्या टाकीची शाखा वेगळी. भोपाळात ती रेल्वेरूपाने दिसते. डब्याच्या तळाला भोक आणि खाली रूळ, ही पद्धत शतकभर चालली आणि ते रूळ माणसेच धूत होती. मग ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले जिवाणू घेऊन रेल्वेने डब्यांखाली जैव टाक्या बसवल्या. जिवाणू मैला पचवतात, पण प्लास्टिकची बाटली आणि फडके पचवत नाहीत. टाकी तुंबली की ती पुन्हा ओढयंत्रानेच रिकामी करावी लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये राणी कमलापती स्थानकातून, जुन्या भोपाळकरांच्या हबीबगंजमधून, दिल्लीला जाणारी वंदे भारत सुरू झाली. तिच्या संडासात बटण दाबल्यावर जो खसकन आवाज होतो, तो लीर्नूरच्याच कल्पनेचा.

कॅरव्हॅनही याच कुळातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये तिच्यासाठी पर्यटन धोरण आणले. तिच्या टाकीला कधी कधी कातरपंप जोडतात. त्याची पाती मैला बारीक करून बारक्या नळीतून दूरवर ढकलतात. पाणी भरपूर असले तर तो उत्तम चालतो. कोरडा चालवला तर जळतो, आणि ओला टिश्यू सापडला की अडतो. डायफ्रॅम पंप संथ असतो, पण थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही. मुक्कामी भरपूर पाणी नसेल तर मी डायफ्रॅमच घेईन.

घरच्या सेप्टिक टँकसाठी काही जण मड पंप लावतात, कारण भाडे कमी पडते. त्याचा पंखा गाळातच फिरतो. चिंधी अडकली की कुणाला तरी वाकून, हात घालून ती काढावी लागते, आणि नेमक्या त्या वाकण्यापासून सुटका व्हावी म्हणून हे सगळे कुळ जन्माला आले. घरच्या टँकला हवेचा पंपच हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण हवेच्या पंपालाही एक अट आहे: गाळ वाहता हवा. दहा-पंधरा वर्षे न उपसलेल्या टँकच्या तळाला गाळ दगडासारखा बसतो. दाबाच्या पाण्याने तो सैल होतो. पाण्याची सोय नसेल तर 'जरा फावडे मारून ये' असे म्हणत माणूस उतरवला जातो. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने २०१८ च्या सुमारास याचे उत्तर काढले. कुणी बोलावण्याची वाट न बघता पालिकेची गाडी वॉर्डावार फिरते आणि तीन वर्षांत सगळ्या टँकांची पाळी येते. दारात पैसे मोजायचे नाहीत, खर्च करातून भागतो. ओढलेला गाळ नाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो.

भोपाळच्या जुन्या वस्तीत, चौक आणि पीर गेटच्या मागच्या गल्ल्यांत, मोठी गाडी दारापर्यंत येत नाही. तिथे छोटी गाडी आणि लांब पाइप लागतो, आणि पाइप लांबला की ओढ मंदावते. नव्या वसाहतींत अडचण वेगळीच असते: टँकच्या झाकणावर कुणीतरी फरशी बसवलेली असते. १४४२० या टँक उपसण्याच्या हेल्पलाइनवर फोन करण्याआधी ते झाकण शोधून मोकळे करून ठेवावे. पाइप किती मीटरचा आहे, गाळ सैल करायला दाबाचे पाणी बरोबर आहे का आणि गाडी रिकामी कुठे होणार, हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत. आणि आलेल्या माणसांपैकी कुणी आत उतरू लागला, तर काम तिथेच थांबवावे.