मुले, तंबाखू आणि १०० यार्डांची मर्यादा

शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर, येथून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करणे हा दंडनीय अपराध आहे, अशा आशयाचा फलक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्या फलकामागे कोणता कायदा आहे, तो मुलांचे रक्षण कोठपर्यंत करू शकतो आणि कोठून पुढे ती जबाबदारी पालकांवर येते, याची माहिती आम्ही वाचकांसाठी येथे एकत्र देत आहोत.

कायद्यातील तरतुदी

सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा केंद्रीय कायदा २००३ सालचा असून तो ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ६ अन्वये दोन गोष्टींना मनाई आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही. तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या परिसरात कोणालाही ती विकता येत नाही. या कलमाच्या भंगाबद्दल २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पुढे २०११ च्या नियमांनी, १८ वर्षांखालील मुलांकडून असा माल हाताळला किंवा विकला जाऊ नये, आणि तो त्यांच्या हाती सहज लागेल असा मांडला जाऊ नये, हे दुकानदारांवर बंधनकारक केले.

२०० रुपयांचा दंड क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने हे चित्र पालटले. त्याच्या कलम ७७ नुसार वैद्यकीय आदेशाशिवाय बालकास तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तर २०१९ पासून देशभर ई-सिगारेटची विक्रीही निषिद्ध आहे.

शाळांचे कर्तव्य

तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेने आवारात सूचनाफलक लावावेत, कुंपणापासून १०० यार्डांवर पिवळी रेषा आखावी आणि देखरेखीसाठी ‘तंबाखू निरीक्षक’ नेमावेत, असे त्यांत सांगितले आहे. या सूचना खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांनाही उद्देशून आहेत. त्यामुळे धर्मग्रामांतून चालविल्या जाणाऱ्या शाळाही त्यांत आल्या.

सवय केव्हा जडते?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ साली जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची भारतातील चौथी फेरी पार पाडली. १३ ते १५ वर्षे वयाच्या शालेय विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी त्या वेळी तंबाखूचे सेवन करीत होते. याहून गंभीर बाब पुढे आहे. धूररहित तंबाखू कधी ना कधी चाखलेल्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी ती वयाची १० वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच चाखली होती. आठवीच्या वर्गातील व्यसनमुक्तीचा धडा या मुलांपर्यंत पोहोचतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

उंबरठ्याच्या आत

म्हणूनच शाळेच्या कुंपणाइतकेच लक्ष घराकडे द्यावयास हवे. मशेरीचे उदाहरण पाहा. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू वापरण्यास १९९२ सालीच बंदी झाली. परंतु तव्यावर तंबाखू भाजून घरीच केलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी कशी पोहोचणार? आजी रोज सकाळी मशेरी लावते हे पाहणाऱ्या नातवंडाला ती दात घासण्याचीच एक रीत वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये’ हे घरोघरी ऐकू येणारे फर्मान. पुडी वडिलांसाठी आहे, असे मुलाने सांगितले तरी कायदा त्याला अपवाद करीत नाही. मुलाला ती विकणारा दुकानदार दोषीच ठरतो. मुलालाही त्यातून पुडीची किंमत, तिचा प्रकार आणि दुकानाचा रस्ता यांची ओळख होते, आणि ती ओळख वडीलधाऱ्यांनीच करून दिलेली असते.

तिसरी गोष्ट सुपारीची. ‘यात तंबाखू नाही’ असे म्हणून सुगंधी सुपारी मुलांच्या हातावर सहज ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीच्या सवयीने तोंडाची आतील त्वचा कडक होत जाऊन तोंड उघडणे कठीण होते, हे दंतवैद्य नेहमी पाहतात.

पालकांना विनंती

तंबाखू आणण्यासाठी मुलाला दुकानात पाठवू नये, मुलांदेखत मशेरी लावू नये आणि समारंभात सुपारीचे तबक मुलांपुढे फिरवू नये, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही कुटुंबास आजपासून पाळता येतील. ज्यांना व्यसन सोडावयाचे आहे, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. शाळेबाहेरची पिवळी रेषा पुसट झाली असेल तर मुख्याध्यापकांना तसे अवश्य सांगावे. मात्र तत्पूर्वी आपल्या घरातील पुडी कोण आणते, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा, अशी आमची विनंती आहे.