अपटाउन थिएटर

अपटाउन थिएटर : अमेरिकेतील शिकागो शहराच्या अपटाउन या उत्तरेकडील वस्तीतील ऐतिहासिक चित्रपटगृह. बालाबान व कॅट्झ या कंपनीने ते बांधले आणि १८ ऑगस्ट १९२५ रोजी खुले केले. वास्तुरचना रॅप अँड रॅप या संस्थेची असून शैली स्पॅनिश बरोक धर्तीची आहे. ४,३८१ आसनांच्या या चित्रगृहाची गणना अमेरिकेतील सर्वांत मोठ्या चित्रगृहांत होते.

मूकपटांच्या काळात पडद्यावरील चित्रपटाला वाद्यवृंद आणि वुर्लिट्झर ऑर्गनची साथ असे. जोडीला रंगमंचावर करमणुकीचे कार्यक्रम होत. बोलपट आल्यावर या ताफ्याची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीचा प्रसार झाला, मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि एवढे मोठे प्रेक्षागृह भरणे अवघड झाले. १९४८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मोठ्या निर्मितिसंस्थांना आपली चित्रगृहे वेगळी करावी लागली; त्यांत बालाबान व कॅट्झची चित्रगृहेही होती. पुढे ऑर्गनही विकला गेला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे रॉक संगीताच्या मैफली होऊ लागल्या; ग्रेटफुल डेड व ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे कार्यक्रम झाले. १९ डिसेंबर १९८१ च्या मैफलीनंतर चित्रगृह बंद पडले. त्यानंतर थंडीत पाणी गोठून नळ फुटले व अंतर्भागाची मोठी हानी झाली.

१९८६ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आणि १९९१ मध्ये शहराच्या संरक्षित वास्तूंत त्याचा समावेश झाला. २००८ मध्ये संगीत मैफलींचे आयोजन करणाऱ्या जॅम प्रॉडक्शन्सशी संबंधित कंपनीने ते विकत घेतले. २०१८ मध्ये सुमारे ७.५ कोटी डॉलरची जीर्णोद्धार योजना जाहीर झाली. तथापि निधीअभावी ती रखडली.