पोट दाबण्याची कुळकथा

वसईजवळच्या चिंचोटी धबधब्याच्या डोहातून किंवा कळंबच्या किनाऱ्यावरच्या लाटांतून कुणाला बाहेर ओढलं, की गर्दीतून पहिली हाक येते, "पोटातलं पाणी काढा!" मग त्याला पालथं घालतात, पाठ दाबतात, कधी पाय धरून उलटं करतात. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही, कारण पालथं घालून दाबणं हे एके काळचं अधिकृत वैद्यक आहे.

बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ साली ॲम्स्टरडॅमला आणि १७७४ साली लंडनला संस्था निघाल्या. त्यांच्या उपायांत तोंडाने श्वास देणं होतं, तसंच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं! (धुराची उपकरणं थेम्सकाठी तयार ठेवलेली असत.) तोंडाचा श्वास पुढे मागे पडला. १९०३मध्ये एडिनबर्गच्या एडवर्ड शेफर यांनी माणसाला पालथं झोपवून खालच्या बरगड्यांवर लयीत दाब देण्याची पद्धत मांडली. जीभ पुढे पडते, पाणी वाहून जातं आणि एकट्या माणसालाही जमतं, हे तिचं बळ. प्रथमोपचाराच्या वर्गांत ती कित्येक वर्षं शिकवली गेली.

तिला उतरती कळा लागली १९५०च्या दशकात. बाल्टिमोरमध्ये पीटर सफार यांनी भूल देऊन स्नायू लुळे केलेल्या स्वयंसेवकांवर पाठ दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, दोन्ही पडताळलं. पाठ दाबून पुरेशी हवा आत जात नव्हती, तोंडाने फुंकल्यावर जात होती. १९६०मध्ये त्याच शहरातून छाती दाबण्याची पद्धत आली आणि तोंडाचा श्वास व छातीचे दाब मिळून आजचा सीपीआर जुळला.

गंमत म्हणजे पोटाचा मोह अमेरिकेलाही सुटला नव्हता. घशात अडकलेला घास पोट दाबून काढण्याची पद्धत मांडणारे हेन्री हाइमलिक बुडालेल्यांचंही पोट दाबा म्हणत राहिले. तज्ज्ञांनी ते फेटाळलं. पोट दाबलं की उलटी होऊन ती श्वासनलिकेत उतरू शकते. बुडालेल्याला मारतो तो प्राणवायूचा अभाव, आणि पाणी काढण्याच्या नादात नेमका श्वास देण्याचा वेळ जातो.

चिंचोटीला हा वेळ फार महाग. धबधब्यापासून हायवेपर्यंत जंगलातली पायवाट आहे. १०८ची रुग्णवाहिका धबधब्यापर्यंत येत नाही. श्वास नसेल तर उताणं झोपवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. शुद्धीवर येऊन "बरा आहे" म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यायचंच. फुफ्फुसांचा त्रास काही तासांनीही बळावतो.