उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढे गावाकडचा उकिरडा असावा. शेणाकचऱ्याचे यथाकाल खत होते आणि ज्या जागेकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिचे मोल चढते. शहराच्या उकिरड्याची गोष्ट निराळी आहे. तेथील कागद, काच, पत्रा यांना पहिल्या दिवसापासूनच मोल असते. ते कोणाच्या पदरात पडावे, एवढाच वाद असतो. या वादाचा इतिहास आमच्याकडे फारसा कोणी लिहिला नाही. तथापि गेल्या तीनचार दशकांत पुणे शहरात जे घडले ते कोणत्याही शहराचा कारभार पाहणाऱ्याने समजून घ्यावे अशा योग्यतेचे आहे, म्हणून त्याचा संक्षेपाने परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील व इतर अवर्षणग्रस्त भागांतील असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली. त्यांतील पुष्कळशी पुण्याच्या झोपडवस्त्यांत येऊन राहिली. यांतील दलित स्त्रियांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा घरकामाच्या वाटेत जात आडवी आली. कचरा वेचण्यास मात्र ना भांडवल लागे, ना कोणाची ओळख. पहाटे पाठीवर पोते टाकून निघावे, कचराकुंड्या उपसाव्या, माल निवडावा आणि दिवस कलता कलता तो भंगारवाल्याच्या काट्यावर घालावा, असा हा व्यवसाय. भंगारवाल्याकडून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्यात जाई. प्रत्येक पायरीवर किंमत वाढे. सर्वांत खालच्या पायरीवरील बाईच्या वाट्याला मात्र सर्वांत कमी पैसा, आणि वर पोलिसांचा संशय व लोकांची घृणा येई.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या या वस्त्यांत मुलांच्या शिक्षणासाठी जाऊ लागल्या. मुले आईबरोबर कुंड्यांवर जात असताना नुसत्या पाटीपेन्सिलीने काय साधणार, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. मग काही बायांना घरांतून निवडलेला सुका कचरा थेट मिळावा, अशी खटपट झाली. ती जरा मार्गी लागते न लागते तोच एका खाजगी ठेकेदाराने त्याच भागात गाडी लावून कचरा उचलण्यास प्रारंभ केला. बायांनी एकजुटीने विरोध केला आणि ठेकेदारास माघार घ्यावी लागली. संघटना हवी, हा धडा यातून मिळाला. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, आठशेहून अधिक कष्टकरी तीस आले, आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

‘पंचायत’ हा शब्द येथे सहजगत्या आलेला नाही. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात उभारलेल्या हमाल पंचायतीची परंपरा या नव्या संघटनेच्या पाठीशी होती. हमालास कोणी एक मालक नसतो. आज तो या गाळ्यावर ओझे वाहतो, उद्या त्या. मग त्याच्या भविष्यनिर्वाहाची जबाबदारी कोणी घ्यावी? १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नास उत्तर दिले: मालक अनेक असले तरी मंडळ एक असावे आणि सर्वांनी त्यात भर घालावी. कचरावेचकाची अडचण त्याहूनही बिकट होती. त्याला अनेक मालक सोडाच, एकही मालक नव्हता. भंगारवाला तर केवळ गिऱ्हाईक. यास्तव पंचायतीने प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. आमच्या श्रमाचा लाभ कोणाला होतो, असे तिने विचारले. जो कचरा आम्ही वेचून नेतो तो नगरपालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, डेपोवर टाकावा लागत नाही. तेव्हा आमच्या श्रमाची लाभार्थी महानगरपालिकाच आहे.

हा युक्तिवाद केवळ भाषणापुरता राहिला नाही, तो आकड्यांनी सिद्ध करण्यात आला. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात असे निष्पन्न झाले की, प्रत्येक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचे श्रम महानगरपालिकेस विनामूल्य देत असतो. तत्पूर्वीच, १९९५-९६ मध्ये, पुणे महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांवर आपली मान्यता उमटविली होती. ओळखपत्र म्हणजे एक पुठ्ठ्याचा तुकडा; पण ज्या बाईला रस्त्यावर कोणीही हटकावे आणि चोर ठरवावे, तिच्या हाती तो आला म्हणजे त्याचे मोल काय, हे कचेरीत बसणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. २००२-०३ पासून नोंदलेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ताही महानगरपालिका भरू लागली.

संकट आले ते सुधारणेच्या रूपाने. घनकचऱ्यासंबंधी २००० साली केंद्र सरकारचे नियम निघाले आणि कचरा घरोघरून गोळा करावा असे ठरले. नियम उत्तम, परंतु रस्त्यावरची कुंडी नाहीशी झाली की कुंडीवर जगणारी बाईही नाहीशी होणार, हे त्यात ओघानेच आले. पंचायतीने सुधारणेस विरोध केला नाही. घरोघर जावयाचे असेल तर आम्हीच जाऊ, असे ती म्हणाली. काही काळ प्रयोग झाले आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था व महानगरपालिका यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. घरमालकाने दरमहा ठराविक शुल्क द्यावे, सुका माल विकून येणारा पैसा वेचकाचा राहावा आणि हातगाड्या, हातमोजे इत्यादी साहित्य महानगरपालिकेने पुरवावे, अशी त्याची सर्वसाधारण रूपरेषा. पुढे या संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांवर गेली. बारांऐवजी पंधरा वर्षे लागली, एवढाच काय तो म्हणीत फरक.

योगायोग असा की, त्याच २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ‘हरित रोजगार’ या विषयावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. निसर्ग राखणारे काम माणसालाही राखीलच असे नाही, हे त्यात स्पष्ट नमूद आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणून भंगाराच्या उद्योगाकडेच बोट दाखविले आहे. पुण्याचा अनुभव याची साक्ष देतो. कुंडीतून दारापर्यंत आलेल्या बाईचे पोते हलके झाले, वेळ वाचला, चार माणसे तिला नावाने हाक मारू लागली. परंतु सहकारी संस्थेची सभासद म्हणून ती स्वतःची मालकीण, म्हणजेच कायद्याच्या लेखी कोणाची नोकर नव्हे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. घरांनी शुल्क थकविले तर तोशीस तिलाच. शिवाय २०१३ मध्ये पहिल्या कराराची मुदत सरल्यावर मुदतवाढ आणि वाटाघाटी यांचा जो फेरा सुरू झाला, त्यात ठेकेदाराच्या गाडीची छाया पुन्हा तिच्या उपजीविकेवर पडली.

आमचे बरेचसे वाचक ज्या नगरांत नेमणुकीवर आहेत तेथेही याच कथेची निरनिराळी प्रकरणे लिहिली जात आहेत. अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेने, कचेऱ्यांतील रद्दी कागद वेचणाऱ्या स्त्रियांना थेट मिळावा म्हणून झगडा केला. बंगळूरमध्ये २०११ साली लोकअदालतीच्या आदेशानंतर कचरावेचकांची नोंदणी सुरू झाली आणि पुढे सुक्या कचऱ्याच्या केंद्रांचा कारभार त्यांतील काहींच्या हाती आला. दिल्लीत मात्र २०१२ मध्ये ओखल्यास कचऱ्यापासून वीज करणारा कारखाना सुरू झाला. कागद व प्लास्टिक भट्टीत गेले म्हणजे वेचावयाचे काय, असा प्रश्न तेथील वेचकांपुढे उभा राहिला. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि त्यास व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. नियमांच्या पुस्तकात त्याला प्रथमच असे स्पष्ट स्थान मिळाले.

परंतु नियम आणि हातगाडी यांच्यामध्ये निविदेचा कागद असतो, आणि तो कोणा तरी अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होतो. गाडी किती टनाची असावी, हे त्यात बारकाईने लिहिलेले असते. सुक्या मालावर हक्क कोणाचा, आधीपासून त्या गल्लीत काम करणाऱ्यांचे काय, त्यांच्या म्हातारपणाची तरतूद कोठून व्हावी, ही कलमे बहुधा राहून जातात. ती घालण्यास नवा कायदा लागत नाही. असा मसुदा ज्यांच्या हातून जातो अशा वाचकांनी तो पुढे पाठविण्यापूर्वी एवढी तीन कलमे तपासून पाहावीत, अशी आमची विनंती आहे. पुण्याच्या बायांना जे मिळविण्यास पंधरा वर्षे झगडावे लागले, त्यातील काही भाग इतरांना एका परिच्छेदाने मिळू शकेल.