स्फुरदाचा फेरा कुठे तुटतो?

निसर्गात काहीच वाया जात नाही, हे शाळेत शिकविले जाते. ते खरेच आहे. मात्र प्रत्येक मूलद्रव्य सारख्याच वेगाने परत फिरत नाही. कार्बन आणि नत्र हवेत मिसळतात व तेथून पुन्हा सजीवांकडे येतात. स्फुरदाला, म्हणजेच फॉस्फरसला, ही सोय नाही. त्याचे वायुरूप निसर्गात जवळजवळ आढळत नाही. खडक, माती, पाणी आणि सजीव एवढीच त्याची वाट. आणि त्याच्यावाचून तर एकही पेशी जगू शकत नाही.

खडक झिजतात तेव्हा त्यांतील फॉस्फेट मातीत उतरते. पण माती ते सहजासहजी सोडत नाही. काळ्या जमिनीत ते चुन्याशी, तर कोकणातील जांभ्या मातीत लोह व अ‍ॅल्युमिनियमशी बांधले जाते. ते मुळांपर्यंत आणून देण्याचे काम बऱ्याच अंशी मातीतील बुरशी करते. पुढे पाला गुरांच्या पोटात जातो आणि शेण पुन्हा मातीत. पालापाचोळा व मृत प्राणी जीवाणू कुजवितात. हा झाला लहान फेरा.

जो अंश पावसाबरोबर वाहून जातो, त्याची कथा निराळी आहे. तो समुद्राच्या तळाशी गाळात बसतो. त्या गाळाचा खडक होऊन तो भूकवचाच्या हालचालींनी वर यायला कोट्यवधी वर्षे लागतात. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातूनही पाऊस स्फुरद वाहून नेतो. त्याची भरपाई चक्क आफ्रिकेतून होते. चाड देशातील एका आटलेल्या प्राचीन सरोवराची धूळ वारा अटलांटिकपार नेतो. उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सहाराच्या धुळीतून त्या जंगलाला वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद मिळते.

शहरांनी नेमका लहान फेराच तोडला. पूर्वी शेण, राख आणि सोनखत शेतात परतत असे. आता धान्य शहरात येते, त्यातील स्फुरद सांडपाण्यात जाते आणि नदीवाटे समुद्र गाठते. शेताची तूट खतांनी भरावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या खडकाचे जगातील सर्वांत मोठे साठे मोरोक्को व पश्चिम सहारात आहेत. भारतात राजस्थानातील झामरकोटडा येथे खाण आहे, पण ती पुरेशी नाही. देश मुख्यतः आयातीवरच अवलंबून आहे. २००८ मध्ये या खडकाचे जागतिक भाव काही महिन्यांत अनेक पटींनी वाढले होते.

इकडे हेच स्फुरद नको तेथे साचते. पुण्यातील पवना व मुळा किंवा मुंबईतील पवई तलाव यांवर पसरणारी जलपर्णी सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावरच पोसली जाते. ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. यंत्रे लावून ती काढली जाते, पण सांडपाणी तसेच येत राहिले की ती पुन्हा पसरते.

सांडपाण्यातून स्फुरद परत मिळविणे अशक्य नाही. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांड याने १६६९ मध्ये हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले ते मूत्रातूनच. शोधत होता मात्र सोने! त्याच जर्मनीने २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या शहरांच्या मैलापाणी केंद्रांना गाळातील स्फुरद परत मिळविण्याचे बंधन घातले असून, त्याची अंमलबजावणी २०२९ पासून व्हायची आहे.