सॅक्सचं तिकीट

मामाच्या वहीत बेल्जियमचं एक टपाल तिकीट आहे, 1973 सालचं. त्यावर अडोल्फ सॅक्स आणि त्याचा सॅक्सोफोन. लहानपणी मला वाटायचं, वाद्यावरून या माणसाचं नाव पडलंय. ते उलटं आहे हे फार उशिरा कळलं.

सॅक्स जन्मला 1814 मध्ये, दिनाँ गावी. (तेव्हा बेल्जियम हा देशही नव्हता, तो 1830 चा.) वडील वाद्यं बनवायचे. लष्करी बँडमध्ये पितळी वाद्यं दणदणीत वाजत, पण क्लॅरिनेटसारखी चपळ लाकडी वाद्यं मैदानावर ऐकूच येत नसत. सॅक्सला दोन्ही गुण एकाच वाद्यात हवे होते.

त्याने क्लॅरिनेटसारखी एका रीडची माउथपीस घेतली आणि पितळेच्या, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या नळीला बसवली. ऐकायला जुगाड वाटतो. पण खरी गंमत नळीच्या आकारात आहे. क्लॅरिनेटची नळी बहुतेक एकाच जाडीची असते. तिच्यावर ‘सा’ धरून वरच्या टप्प्यात गेलात, तर वरचा ‘सा’ मिळत नाही, त्याच्याही पुढचा ‘प’ मिळतो. शंकूसारख्या नळीत मात्र सरळ वरचा ‘सा’ येतो, त्यामुळे दोन्ही सप्तकांना बोटं जवळपास तीच. एकच फंक्शन, दोनदा कॉल! हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले होते.

1846 मध्ये त्याला पॅरिसमध्ये पेटंट मिळालं आणि कटकटी वाढल्या. यात नवीन काहीच नाही म्हणत तिथले वाद्यनिर्माते कोर्टात गेले. खटले वर्षानुवर्षं चालले. 1852, 1873, 1877 असं तीनदा त्याचं दिवाळं निघालं. पॅरिसच्या संगीत विद्यालयात तो 1857 पासून सॅक्सोफोन शिकवायचा, तो वर्गही 1870 मध्ये बंद पडला. 1894 मध्ये सॅक्स गेला. जॅझ त्याने ऐकलाच नाही.

पेटंट 1866 मध्येच संपलं होतं. मग कुणीही सॅक्सोफोन बनवू शकत होतं. तो अमेरिकेत पोचला, जॅझचा झाला, गोव्याच्या वादकांच्या हाती मुंबईत आला. ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये मनोहारी सिंग वाजवतात तो हाच. माझ्या मते तिकीट छापलं गेलं ते या सगळ्यामुळे. वाद्य सॅक्सच्या मुठीतच राहिलं असतं, तर 79 वर्षांनी त्याचा चेहरा कुणी छापला असता?

हे मला लागतं, कारण मागच्या वर्षी आमच्या कंपनीला एक पेटंट मिळालं. त्यावर माझं नाव तिसरं. कल्पना माझी होती, हे टीममधल्या चौघांना माहीत आहे. हक्क कंपनीचे, मला एक फ्रेम आणि गिफ्ट कार्ड. फ्रेम मी टीव्हीच्या वर लावलीय, आणि खरं सांगायचं तर पाहुणे आले की त्यांची नजर तिकडे जाते का, हे बघत असते.

दिवाळीत मामाकडे ते तिकीट मागितलं. सॅक्सच्या गालावर टपालाचा शिक्का आहे, म्हणजे कुणीतरी ते लावून खरोखर पत्र पाठवलंय.

“देतो की,” मामा म्हणाला, “पण ती फ्रेम रिकामी करणार असशील तर.”

अजून केलेली नाही.